बटाट्याच्या पोत्यासाठी घडवलेली मोटार

शेतकऱ्याला पन्नास किलो बटाटे घेऊन बाजार गाठता यावा, नांगरलेल्या शेतातून जाताना टोपलीतलं अंडं फुटू नये आणि शंभर किलोमीटरला तीन लिटर पेट्रोल पुरावं. सिट्रोएनचे प्रमुख पिएर बूलांजे यांच्या या अटींतून ‘टू-सीव्ही’ जन्मली.

१९४८च्या पॅरिस प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. हवेने थंड होणारं, दोन सिलिंडरांचं ३७५ सीसी इंजिन. ताकद जेमतेम ९ अश्वशक्ती. छत कापडी, गुंडाळून मागे सारता येणारं. पुढचं आणि मागचं चाक आडव्या स्प्रिंगांनी एकमेकांना जोडलेलं. वळणावर ही गाडी पाहणाऱ्याला धडकी भरेल इतकी कलते, पण रस्ता सोडत नाही. तिच्या चाहत्यांना वेड लावतं ते हेच!

‘साहारा’ या प्रकाराला तर पुढे एक आणि मागे एक अशी दोन इंजिनं होती. अशा फक्त ६९४ गाड्या बनल्या.

१९९०मध्ये पोर्तुगालमधल्या मांगुआल्दे इथे उत्पादन थांबलं, तोवर ३८ लाखांहून अधिक टू-सीव्ही बनल्या होत्या. सुटे भाग आजही नव्याने तयार होतात.

विकत घेणाऱ्याने रंगाआधी चॅसी तपासावी. गंजाचा खरा धोका तिथेच. मात्र जस्ताचा मुलामा दिलेली नवी चॅसीही मिळते.