कमी चिप्स आणि अर्धवट फ्लश

टेक्सास होल्डएमच्या स्पर्धेत तुमच्या हातात बदामची दोन पानं आहेत आणि टेबलावर उघडलेल्या तीन पानांत आणखी दोन बदाम. पाचवं बदाम आलं की फ्लश. न दिसलेल्या ४७ पानांत ९ बदाम उरलेत. उरलेली दोन्ही पानं पाहायला मिळाली, तर निदान एक बदाम येण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के.

चिप्स भरपूर असतील तर अशा हाताला पुढच्या फेऱ्यांत मोठी कमाई होऊ शकते. चिप्स कमी असतील तर ती वाटच बंद. मग प्रश्न एवढाच उरतो की सगळ्या चिप्स आधी कोण लावतो, आणि मला खरी गंमत इथेच वाटते.

समजा पॉटमध्ये, म्हणजे मध्ये जमलेल्या चिप्समध्ये, ६ बिग ब्लाइंड (दर डावातली मोठी सक्तीची पैज, हेच इथे मोजमाप) आहेत, तुमच्याकडे ८. प्रतिस्पर्ध्याने ८ लावले, तर १४ जिंकण्यासाठी तुम्ही ८ घालता. त्यासाठी ३६.४ टक्के शक्यता हवी. तुमच्याकडे ३५ आहे, म्हणजे किंचित तोटा. आता तेच ८ तुम्ही आधी लावा. तो निम्म्या वेळा पानं टाकून देत असेल, तर सरासरी २.८५ बिग ब्लाइंडचा नफा! पोकरवर लिहिणारे डेव्हिड स्क्लान्स्की यांनी या चालीला ‘सेमी-ब्लफ’ म्हटलं.

स्पर्धेत बक्षिसांच्या जागा जवळ आल्या की गमावलेली चिप कमावलेल्या चिपेपेक्षा महाग पडते. त्यामुळे तिथे नुसता कॉल करणं, म्हणजे समोरच्याने लावलेल्या चिप्सशी बरोबरी करणं, आणखी तोट्याचं. मात्र समोरचाही बाद व्हायला घाबरत असेल, तर आधी ऑल-इन जाणाऱ्याचं, म्हणजे सगळ्या चिप्स लावणाऱ्याचं, पारडं जड होतं.