आपला सातबारा, आपलं बोट

मागच्या भागात मोबाइलवर मराठी कीबोर्ड कसा आणायचा ते पाहिलं. आता फोनवरची अशी कामं शिकायची कुणाकडून? उमरग्यात हा प्रश्न मला सारखा विचारला जातो आणि विचारणारे बहुतेक पन्नाशी ओलांडलेले असतात.

आमच्या शेजारच्या मावशींचंच घ्या. नवरा गेल्यावर शेत त्यांच्या नावावर झालं, पण उतारा त्यांनी कधी स्वतः पाहिला नव्हता. "दुकानातलं पोरगं काढून देतंय की," म्हणायच्या. एका दुपारी त्यांचाच फोन त्यांच्या हातात ठेवून जमिनीचे उतारे दाखवणारं महाभूलेखचं सरकारी पान उघडायला लावलं. जिल्हा धाराशिव, तालुका उमरगा, मग गावांची लांबलचक यादी. बोट जरा जोरात सरकलं की यादी पळायची नि गाव मागे राहायचं. असं तीनदा झालं. फोन ओढून घ्यायचा मोह मला झाला, पण घेतला नाही. गट नंबर त्यांना पाठ होता, मोबाइल नंबरही. गाडी अडली कॅप्चापाशी. चौकटीतली ती वाकडीतिकडी अक्षरं ओळखून टाकायची असतात, म्हणजे समोर यंत्र नसून माणूस आहे याची खातरजमा होते. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा उतारा उघडला. मावशींनी चष्मा सारखा केला, ओळीवरून बोट फिरवत आपल्या नावापाशी आल्या नि म्हणाल्या, "हाय की हितं."

आपला उतारा दुसऱ्याच्या हातून पाहायचा, हे आपल्या भागाचं जुनं दुखणं आहे. १९४८च्या सप्टेंबरापर्यंत इथं निजामाचं राज्य होतं आणि सरकारी कारभार उर्दूत चाले. मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याला स्वतःच्याच जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. तेव्हाचे कागद वाचायला आजही जाणकार शोधत फिरावं लागतं. आता उतारा मराठीत आहे, नुसता पाहायला पैसेही पडत नाहीत. डिजिटल सहीचा हवा असेल तर १५ रुपये. तरीही तो दुसऱ्याच्याच हातून बघायचा, हे मला सहन होत नाही. म्हणून कुठलीही शिकवणी निवडताना मी एकच विचारतो: फोन शिकणाऱ्याच्या हातात राहतो का?

२०१७ साली केंद्र सरकारने ग्रामीण भागासाठी डिजिटल साक्षरता अभियान काढलं होतं. घरटी एकजण, २० तासांचा अभ्यासक्रम. मार्च २०२४मध्ये ते संपलं. तुमच्या घरातलं कुणी त्यात शिकलं असेल तर त्यालाच मास्तर करा. २००१पासून चालू असलेली एमएस-सीआयटी चांगली आहे, पण ती मुख्यतः नोकरीच्या वाटेवरच्या मुलांची. संगणक मुळापासून शिकायचा असेल तरच तिकडे जा. घरी संगणक असेल तर मुंबई आयआयटीचे 'स्पोकन ट्युटोरियल' बघा. साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे, बरेच मराठी आवाजात आणि फुकट. त्यांची रीत मला फार पटते. अर्ध्या पडद्यावर धडा, उरलेल्या अर्ध्यावर आपला सराव. एक पायरी पाहायची, थांबवायचं, करून बघायचं.

हीच रीत यूट्यूबला लावा. टाइप करायची गरज नाही. माइकचं चिन्ह दाबून "सातबारा मोबाइलवर कसा पाहायचा" असं आपल्या बोलीत विचारा. व्हिडिओ कधीचा आहे ते आधी बघा, कारण सरकारी पानं बदलत राहतात आणि तीन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओतलं बटण आज तिथं नसतं. मग आपल्याला वाटतं, आपलंच चुकलं. तसं नसतं. व्हिडिओखाली दिलेली लिंक मात्र दाबू नका. पान स्वतः शोधा आणि पत्त्यात 'जीओव्ही डॉट इन' आहे ना ते पाहा. शिकवणारा कितीही गोड बोलला तरी ओटीपी त्याला सांगायचा नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० नंबर लावा.

आणि शिकायला बसताना काम आपलं घ्या. 'इंटरनेट म्हणजे काय' यापासून सुरुवात केलेला माणूस दुसऱ्या दिवशी कंटाळतो. स्वतःचा गट नंबर घेऊन बसलेला उठत नाही.

मावशी परवा पुन्हा आल्या, फोन चार्ज करूनच. या खरिपात सोयाबीनचा पेरा त्यांना स्वतः नोंदवायचा आहे. पुढच्या आठवड्यात त्यांच्यासोबत आपणही त्यासाठीचं ई-पीक पाहणी ॲप उघडू. फोनचं लोकेशन चालू कसं करायचं ते तेवढं घरात विचारून ठेवा.