बाहेरगांवचा मजूर आणि जुना कौल

कापूस वेंचणीचे दिवस आले म्हणजे आपल्या पहूर पेठेंत बाहेरच्या मजुरांविषयीं बोलणें निघतेंच. हे लोक भरंवशाचे नाहींत, अर्धी वेंचणी टाकून निघून जातात, असा एकंदर सूर असतो. प्रस्तुत लेखकाचीं बरींच वर्षें महसुलाचीं दप्तरें चाळण्यांत गेलीं असल्यामुळें त्यास अशा वेळीं एक जुनी हकीकत आठवते.

इ. स. १८१८ मध्यें इंग्रजांचा अंमल बसला तेव्हां खानदेश ओसाड होता. १८०३ चा दुष्काळ, फौजांची धामधूम आणि पेंढाऱ्यांच्या धाडी यांनीं गांवेंच्या गांवें उजाड झालीं होतीं. जमीन काळी, कसदार. पण नांगर धरणारा नाहीं. १८१९ सालीं धुळ्यास अवघीं ४०१ घरें व २,५०९ माणसें होतीं. कप्तान ब्रिग्ज यानें कचेऱ्या बांधण्यास लांबून कारागीर आणविले आणि वसूं पाहणाऱ्यांस घरांच्या जागा कायमच्या बिनभाड्यानें दिल्या. मर्माची गोष्ट पुढेंच आहे. घर बांधण्यास जी आगाऊ रक्कम दिली, ती जुन्या रहिवाशांस व परक्यांस अशी दोघांसही दिली. नव्याचा मत्सर करण्यास जुन्याला मग कारण तें काय उरणार? १८७२ च्या शिरगणतींत धुळ्याची वस्ती १२,४८९ भरली.

पडीत जमिनीसाठीं मराठेशाहीपासून इस्ताव्याचा कौल असे : पहिल्या वर्षीं नाममात्र सारा, पुढें दरसाल थोडा चढता. कुळास दम धरण्यापुरता अवधि मिळे. यांत सरकारचा धर्म नव्हता, स्वार्थ होता. ओसाड गांवाचा सारा वसूल होत नाहीं, हें साध्या कारकुनासही कळतें.

आज जमीन पडीत नाहीं, पण हातांची वाण तीच. आपलीं मुलें सुरतेस आणि पुण्यास गेलीं; त्यांच्या जागीं सातपुड्याकडचा मजूर येतो. त्यास आपण कोणता कौल देतों? दोन वर्षांपूर्वीं असें एक कुटुंब माझ्या शेतांत उतरलें. निवारा म्हणून बांधावरचें लिंबाचें झाड, पाणी अर्ध्या कोसावर, बोली सगळी तोंडी. आठव्या दिवशीं तें शेजारच्या गांवीं गेलें. मजुरी तेथेंही तितकीच होती. पत्र्याची एक खोली व नळ एवढेंच अधिक. माझा कापूस मात्र बोंडांतच अवकाळी पावसानें भिजला. दोष कोणाचा, हें सांगावयास नको.

एका राज्याची शिधापत्रिका आतां दुसऱ्या राज्यांतही चालते, ही सोय मोठी आहे. परंतु रानांत उतरलेल्या मजुरास ती दुकानदाराकडे कोण समजावून देणार? सरकारनें गोदामास कर्ज द्यावें तसें मजुरांच्या खोल्यांसही द्यावें, आणि त्या खोल्या गांवांतील भूमिहीनांसही खुल्या असाव्यात. तोंपर्यंत आपल्या संस्थेनें निदान बोलीचा कागद तरी सुरू करावा : दर, उचल, पाणी, निवारा आणि हिशेबाचा दिवस. पुढील वेंचणीपूर्वीं ज्यांस तसा कागद हवा असेल, त्यांनीं पेठेंत माझ्याकडे यावें. लिहून देण्याचें कांहीं घेणार नाहीं.