यंत्र बिघडले नव्हते!

गणेशोत्सवात दारावर नावनोंदणीसाठी एका सभासदांनी आपला शार्प झाउरस दिला. २००२ साली बाजारात आलेला, हातात मावणारा लिनक्स संगणक! घरच्या पीसीवर कंपाइल केलेला प्रोग्रॅम आम्ही त्यात घातला, पण तो चालेचना. तीन रात्री जागून यंत्र मोडीत काढायचे ठरवले.

चूक आमचीच होती. लिनक्स दोन्हीकडे, पण पीसीचा प्रोसेसर इंटेलचा आणि झाउरसचा आर्म. दोघांच्या आज्ञा निराळ्या. पीसीवरच आर्मसाठीचा क्रॉस-कंपायलर वापरला, लागणाऱ्या लायब्रऱ्या प्रोग्रॅममध्येच जोडल्या, आणि यादी उघडली!

तेव्हा मंडळी, जुने यंत्र टाकण्यापूर्वी पीसीवर ‘फाइल’ ही आज्ञा देऊन प्रोग्रॅम कोणत्या प्रोसेसरसाठी आहे ते पाहा. अडल्यास रविवारी मराठी शाळेत आम्हाला गाठा.