ताठ बसा, आरामात चला: रोजच्या कामाची सायकल कशी निवडाल?

डॉक्टर बजावतात, "रोज थोडा व्यायाम करा," आणि पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ उत्साहाने दुकान गाठतात. जाड टायर, एकवीस गिअर, पुढे शॉकअप, झगझगीत रंग अशी सायकल घरी येते. पहिले आठ दिवस सकाळची रपेट नियमाने होते. मग मनगटे दुखू लागतात, मान आखडते, सीट बोचू लागते. महिनाभरात सायकल गॅलरीत जाते आणि तिच्यावर ओले टॉवेल वाळत पडतात. घरातले म्हणतात, "आता वय झालं!"

खरे तर दोष वयाचा नसतो. रस्त्यावरचे खड्डे चुकवत भाजी आणायला, कामावर जायला किंवा मुलाला शाळेत सोडायला जी सायकल हवी, ती डोंगर उतरण्यासाठी बनवलेल्या सायकलीपेक्षा वेगळी असते. हा फरक विकत घेण्यापूर्वी समजला, तर पैसे वाचतात आणि सायकल चालवणेही सुटत नाही.

जुन्या काळ्या सायकलीचे गुपित

दूधवाले, पोस्टमन, गिरणी कामगार आणि शाळामास्तर यांनी वर्षानुवर्षे चालवलेली उंच काळी सायकल आठवा. तिचा मूळ नमुना इंग्रजी. स्वातंत्र्यानंतर ती देशातच मोठ्या प्रमाणावर बनू लागली. मद्रासमध्ये टी. आय. सायकल्स १९४९ मध्ये सुरू झाली, सोनीपतला ॲटलस १९५१ मध्ये, तर लुधियानात मुंजाल बंधूंची हीरो सायकल्स १९५६ मध्ये. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना जून २०२० मध्ये बंद पडला. तरी त्या धाटणीच्या सायकली आजही गावोगावी दिसतात.

ही सायकल जड असते, पण तिच्या बांधणीत विचार आहे. सीटखालची नळी मागे झुकलेली असते आणि हॅण्डलच्या मुठी चालवणाऱ्याकडे वळलेल्या असतात, त्यामुळे पाठ ताठ राहते आणि नजर समोर. दोन चाकांमधले अंतर जास्त असल्याने सायकल डुगडुगत नाही, मागे पोते बांधले तरी तोल राहतो. २८ इंची मोठी चाके लहान खड्ड्यांवरून सहज निघून जातात. वेग फार मिळत नाही, पण तासभर चालवूनही कंबर बोलत नाही.

वाकून बसल्यावर शरीराचा बराच भार हातांवर येतो. शर्यतीत वारा कापण्यासाठी ते योग्यच. रोजच्या कामाला मात्र भार सीटवर हवा, हात मोकळे हवेत आणि मान न वळवता रहदारी दिसायला हवी.

आपल्या मापाची सायकल

बूट आपण पायात घालून पाहतो, सायकल मात्र रंग पाहून घेतो. मोठ्यांच्या साध्या सायकलींच्या फ्रेम साधारणपणे २०, २२ आणि २४ इंचांत मिळतात. हे माप चाकाचे नसून सीटखालच्या नळीचे असते.

माप पाहण्याची रीत सोपी आहे. सायकल दोन पायांत घेऊन उभे राहा. दोन्ही पावले जमिनीवर सपाट टेकली पाहिजेत आणि दांडी व शरीर यांत किमान दोन बोटांचे अंतर हवे. मग सीटवर बसा. पॅडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली, तर पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. प्रत्यक्षात आपण पावलाच्या पुढच्या भागाने पॅडल मारतो, तेव्हा गुडघ्यात थोडासा बाक राहतो. सीट फार खाली असली, तर गुडघे लवकर भरून येतात. अनेकांची गुडघेदुखीची तक्रार एका पान्याने सीट वर घेतल्यावर कमी होते.

हॅण्डलच्या मुठी सीटच्या उंचीला किंवा थोड्या वर असाव्यात. मात्र हॅण्डल वा सीटची नळी वर घेताना तिच्यावरील खुणेच्या पलीकडे ओढू नका. तेवढी नळी आत राहिली नाही, तर ती निसटण्याचा किंवा मोडण्याचा धोका असतो.

ताठ बसणाऱ्याला रुंद आणि स्प्रिंगची सीट लागते. शर्यतीच्या सायकलीची अरुंद सीट वाकून बसण्यासाठीच असते. फार मऊ सीटही सुखाची नव्हे. दुकानात ती गादीसारखी वाटते, पण अर्ध्या तासाने टोचते.

गिअर आणि शॉकअप हवेत का?

सपाट गावात एकही गिअर नसलेली सायकल पुरते. बिघडायला तिच्यात काही नसते आणि चेनवर पूर्ण कव्हर बसते, म्हणून पँट किंवा साडी काळी होत नाही. वाटेत चढ असतील, तर तीन ते सात गिअर भरपूर झाले. एकवीस गिअरांपैकी बरेचसे एकमेकांच्या जवळपास असतात, त्यातले चार-पाचच वापरात येतात.

स्वस्त सायकलीचा शॉकअप वजन वाढवतो आणि पॅडलला लावलेला काही जोर स्वतःच गिळतो. त्यापेक्षा थोडे रुंद टायर घ्या आणि त्यांच्या कडेवर छापलेल्या दाबाप्रमाणे हवा ठेवा. खड्ड्यांचे धक्के त्यानेच बरेच कमी होतात. हवा कमी असेल, तर सायकल जड चालते, पंक्चरही वारंवार होते.

पावसाळा आणि ब्रेक

पूर्वीच्या सायकलींचे सळईचे ब्रेक टिकाऊ खरे. पण रिम लोखंडी आणि तीही ओली झाली, की ब्रेक दाबूनही सायकल पुढे सरकतच राहते. भरपावसात मुलाला मागे बसवून उतारावरून येताना हे कळणे फार उशिराचे ठरते. पावसाच्या प्रदेशात राहणाऱ्यांनी ॲल्युमिनिअमच्या रिमची सायकल पाहावी किंवा चाकाच्या मध्यभागी ब्रेक असलेली घ्यावी. घरी जुनी लोखंडी रिमची सायकल असेल, तर उतारावर वेग वाढूच देऊ नये. थांबायच्या बरेच आधी ब्रेक हलकेच दाबत राहिल्यास रिमवरचे पाणी निपटले जाते.

मडगार्ड, कॅरिअर, भक्कम स्टॅण्ड, घंटी, पुढचा दिवा आणि मागचा लाल रिफ्लेक्टर या गोष्टी शोभेच्या नाहीत. सायकलीसोबतच बसवून घ्या. नंतर घेऊ म्हटले की त्या राहूनच जातात.

दुकानात काय तपासाल?

आपल्याकडे बहुतेक सायकली सुट्या भागांत दुकानी येतात आणि तिथला मिस्त्री त्या जोडतो. म्हणून नाव कितीही मोठे असले, तरी जोडणी कशी झाली ते पाहावेच लागते.

* चाक उचलून फिरवा. रिम डावी-उजवीकडे हलत असेल, तर आऊट काढून घ्या.
* तारा हाताने दाबून पाहा. एखादी ढिली लागता कामा नये.
* पॅडलचा दांडा धरून आडवा हलवा. खटखट झाली, तर आतले छर्रे नीट बसलेले नाहीत.
* पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे ढकला. हॅण्डलखाली झोल जाणवू नये.
* शेवटी सायकल रस्त्यावर चालवून पाहा. चालवू न देणाऱ्या दुकानातून घेऊ नका.

जुनी सायकल घेताना आणखी दोन गोष्टी पाहा: पुढचा चिमटा वाकलेला नाही ना, आणि नळ्यांच्या सांध्यांवर तडा किंवा रंगाखाली फुगलेला गंज नाही ना. टायर, चेन बदलता येते, पण मोडकी फ्रेम स्वस्तातही महागच.

नव्या सायकलीच्या ब्रेकच्या तारा पहिल्या महिन्यात थोड्या सैल पडतात, चाकाच्या ताराही बसतात. तेव्हा महिन्याने एकदा सर्व नट आवळून, चेनला तेल देऊन घ्यावे. पुढे वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, ओव्हरहॉलिंग पुरते.

बायकांची सायकल

साडी किंवा पंजाबी ड्रेस घालणाऱ्यांना आडवी दांडी नसलेली फ्रेम सोयीची. मागच्या चाकाला जाळी आणि चेनला पूर्ण कव्हर हवेच, कारण ओढणी चाकात अडकणे जिवावर बेतू शकते. पण नियम म्हणून 'लेडीज' सायकलच घेतली पाहिजे, असे नाही. तामिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या वर्षांत साक्षरता मोहिमेबरोबर हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. शेतमजूर, खाणीत राबणाऱ्या, परिचारिका अशा सगळ्या त्यांत होत्या. त्यांतल्या अनेकींनी दांडीवाली पुरुषी सायकलच पसंत केली, कारण त्या दांडीवर मूल बसवता येत होते! पाणी आणणे, बाजार, मुलांना पोहोचवणे यांसाठी बसची किंवा घरच्या पुरुषाची वाट पाहणे संपले.

बिहार सरकारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली, त्यामागेही हाच विचार होता. शाळा दूर असली, की मुलीचे शिक्षण आधी थांबते. अशा मुलीसाठी सायकल घेताना "वाढत्या अंगाची आहे" म्हणून दोन माप मोठी घेऊ नका. पाय टेकत नसलेल्या सायकलीवर ती घाबरेल, एकदा पडेल आणि सायकल भावाकडे जाईल. आज पाय टेकतील आणि पुढे सीट वर घेता येईल, अशीच सायकल निवडा.

सायकल चांगली की वाईट, हे किमतीच्या चिठ्ठीवर कळत नाही. सहा महिन्यांनी ती गॅलरीत आहे की दाराशी, यावर ते ठरते. दाराशी उभी असेल, टायरला ताजी माती असेल आणि कॅरिअरला पिशवी अडकवलेली असेल, तर निवड बरोबर झाली असे समजावे.