एक यादी, तीन गावे

संगणकावरची एकच नोंदवही अनेकांनी मिळून कशी वापरायची, हा प्रश्न ऐकायला तांत्रिक वाटतो; लहान संस्थांच्या बाबतीत तो रोजच्या कामाचा असतो. आमच्या भागातल्या एका रक्तदाता मंडळाच्या नोंदी मी गेली काही वर्षे सांभाळतो. सांगली, मिरज आणि तासगाव अशा तीन ठिकाणी कार्यकर्ते आहेत. रात्री अकराला फोन येतो, ‘ओ निगेटिव्ह’ हवे असते, आणि यादी उघडून कोणाला झोपेतून उठवायचे ते ठरवावे लागते. दोन रक्तदानांमध्ये पुरुषाने ९० आणि स्त्रीने १२० दिवसांचे अंतर ठेवायचे, असा आपल्याकडचा दंडक आहे. त्यामुळे यादीतला सर्वांत मोलाचा रकाना म्हणजे ‘शेवटचे रक्तदान’. मिरजेच्या शिबिराची तारीख तासगावच्या प्रतीत पोचलेली नसेल, तर भलत्याच माणसाला फोन जातो, रक्तपेढी त्याला परत पाठवते आणि तास-दीड तास वाया जातो.

ही यादी मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये होती. ॲक्सेस १९९२ च्या नोव्हेंबरमध्ये बाजारात आले, आणि आजही कित्येक पतसंस्था, वाचनालये, शाळा यांचे दप्तर त्यातच आहे. तक्ते, फॉर्म, क्वेरी, अहवाल हे सगळे एकाच फाइलीत मावते, हे त्याचे मोठे सुख. फाइल २ गिगाबाइटपर्यंत वाढू शकते आणि कागदोपत्री २५५ जणांना एकाच वेळी ती उघडता येते. मात्र या फाइलीला राखणदार नसतो. प्रत्येकाच्या संगणकावरचे ॲक्सेस स्वतःच फाइलीत शिरते, ४ किलोबाइटच्या एकेका पानावर लिहिते, आणि शेजारच्या छोट्या कुलूप-फाइलीच्या आधाराने एकमेकांच्या आड येणे टाळते. एका कार्यालयात, तारेच्या जाळ्यावर, ही रीत उत्तम चालते. मधेच जोडणी तुटली आणि पान अर्धवट लिहिले गेले, तर फाइल बिघडते.

अशा वेळी अनेकांना सुचणारा उपाय म्हणजे ती फाइल क्लाउडशी जुळवलेल्या फोल्डरमध्ये टाकणे. आमच्याकडच्या एका उत्साही कार्यकर्त्याने तसे केलेही. आठवडाभरात एकाच नावाच्या दोन फाइली झाल्या. एकीत मिरजेच्या नोंदी होत्या, दुसरीत तासगावच्या. यात त्याचा दोष नाही. अशा फोल्डरला फाइल एवढेच कळते, तिच्यातल्या ओळी कळत नाहीत. दोघांनी दोन वेगळ्या दात्यांच्या नोंदी बदलल्या तरी त्याच्या लेखी त्या एकाच वस्तूच्या दोन आवृत्त्या, आणि कुलूप-फाइलीला तिथे काही अर्थ उरत नाही. वर्ड किंवा एक्सेलची फाइल ज्या भरवशावर तिथे ठेवतो, तो भरवसा ॲक्सेसच्या फाइलीला लागू नाही, हे कळकळीने सांगावेसे वाटते.

शेअरपॉइंटची ‘लिस्ट’ इथे वेगळी ठरते. ती सर्व्हरवर राहते आणि तिथे देवघेव होते ती एकेका ओळीची. ॲक्सेसला अशा याद्या जोडता येतात. २००७ च्या आवृत्तीपासून ही सोय कामाची झाली आणि २०१० पासून वेगवानही. ‘एक्स्टर्नल डेटा’ या पट्टीतून शेअरपॉइंट लिस्ट निवडली की दोन पर्याय समोर येतात: आयात की लिंक. आयातीत यादीची प्रत मिळते आणि नाते तिथेच संपते. आपल्याला हवी ती लिंक. जुन्या तक्त्याच्या जागी लिंक येते, फॉर्म आणि अहवाल आपल्या संगणकावरच राहतात, आणि वापरणाऱ्याला बहुधा फरकही जाणवत नाही. आमच्या मिरजेच्या काकूंनी तर महिनाभराने विचारले, “ते नवीन काहीतरी करणार होता ना, कधी करताय?”

आत मात्र बरेच बदललेले असते. ॲक्सेस यादीची एक प्रत आपल्या फाइलीत साठवते, म्हणून शोधाशोध झटपट होते. बदल केला की तेवढी ओळ सर्व्हरकडे जाते. दोघांनी एकच ओळ बदलली तर मागून येणाऱ्याला ते सांगितले जाते आणि कोणाचा बदल ठेवायचा हे विचारले जाते. जोडणी नसेल तर ऑफलाइन काम करून नंतर जुळवता येते. तोवर नव्या नोंदींना तात्पुरते उणे क्रमांक असतात, खरा क्रमांक सर्व्हर देतो. शिबिराच्या मांडवात याचा फार उपयोग होतो. आवृत्ती-इतिहास चालू ठेवला तर कोणती ओळ कोणी, कधी बदलली तेही दिसते. एक पथ्य पाळावे: फॉर्मांची फाइल प्रत्येकाने आपापली ठेवावी, तीही सामायिक करू नये.

अंकांचे भान हवे. यादीत तीन कोटी नोंदी मावतात असे मायक्रोसॉफ्ट सांगते, पण त्याने हुरळून जाऊ नये. एका दृश्यात ५,००० नोंदींचा उंबरठा आहे. त्यापलीकडे, रकान्याला आधीच इंडेक्स लावलेला नसेल तर, ब्राउझरमधली छाननी अडते. आमची यादी चार हजारांच्या आसपास असतानाच रक्तगट आणि शेवटचे रक्तदान या दोन रकान्यांना इंडेक्स लावून घेतला. तारखेचीही एक गंमत आहे. सर्व्हर वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठवतो. आपली मध्यरात्र म्हणजे तिथे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा. साइटचे प्रादेशिक सेटिंग दुसऱ्या देशाचे राहिले तर तारीख एका दिवसाने सरकू शकते. दिवस मोजणाऱ्या यादीत हे चालणार नाही.

मराठीचा मुद्दा जरा सविस्तर सांगायला हवा, कारण मदतीच्या इंग्रजी पानांवर तो सापडत नाही. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेली नावे ॲक्सेसच्या फॉर्मवर मराठी दिसतात, कारण तिथे तो फॉन्ट लावलेला असतो. साठवलेली अक्षरे प्रत्यक्षात रोमन असतात. यादी ब्राउझरमध्ये उघडली की ‘कुलकर्णी’च्या जागी निरर्थक रोमन खुणा दिसतात. तेव्हा हलवण्याआधी युनिकोडमध्ये रूपांतर, आणि तेही जोडाक्षरे डोळ्यांखालून घालत. दुसरी खोच रकान्यांच्या नावांची. शेअरपॉइंट प्रत्येक रकान्याला दिसणाऱ्या नावाबरोबर एक आतले नावही देते. त्यात देवनागरीचे एकेक चिन्ह सात रोमन चिन्हांत लिहिले जाते, आणि एकूण मर्यादा ३२ चिन्हांची! काना-मात्राही वेगळी मोजली जाते. म्हणजे ‘शेवटचे रक्तदान’ आणि ‘शेवटचा फोन’ हे दोन्ही रकाने ‘शेवट’पाशीच तुटतात, आणि दुसऱ्याच्या नावाला नुसता एक आकडा चिकटतो. फॉर्मवर काही बिघडत नाही, पण पुढे स्मरणसूचना वगैरे स्वयंचलित कामे जोडताना हीच आतली नावे वापरावी लागतात. सोपा इलाज असा, की रकाना आधी छोट्या इंग्रजी नावाने तयार करावा आणि मग नाव मराठीत बदलावे. दिसणारे नाव बदलते, आतले तसेच राहते.

हिशेबाच्या वह्या मात्र इथे आणू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. एका खात्यातून रक्कम वजा आणि दुसऱ्यात जमा, या दोन्ही गोष्टी होतील किंवा एकही होणार नाही, अशी हमी लिस्ट देत नाही. पतसंस्थेला खरा डेटाबेस सर्व्हरच लागतो. पूर्वी ॲक्सेसची ‘वेब ॲप’ शेअरपॉइंटवर चालत. मायक्रोसॉफ्टने क्लाउडवरची ती सेवा एप्रिल २०१८ मध्ये बंद केली. डेस्कटॉपवरून लिंक करण्याची साधी वाट मात्र टिकून आहे.

सर्वांत नाजूक रकाना शेवटी हलवायचा राहिला होता: ‘नाकारण्याचे कारण’. रक्तपेढीने एखाद्याला का परत पाठवले, हे त्यात लिहिलेले. ॲक्सेसच्या फॉर्मवर रकाना झाकता येतो, म्हणून तो सुरक्षित आहे असे वाटते. पण लिस्टमध्ये परवानगी पूर्ण यादीला किंवा एकेका ओळीला देता येते, रकान्याला नाही. यादी ज्याला खुली, त्याला ती ब्राउझरमध्ये सगळ्या रकान्यांसकट खुली. एखाद्याला कावीळ झाली होती हे गावातल्या वीस कार्यकर्त्यांना कळायचे काय कारण? शिवाय २०२३ चा व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा आहेच. आम्ही त्या रकान्याची वेगळी यादी केली आणि ती फक्त दोघांना उघडी ठेवली. बाकीच्यांच्या यादीत ‘सध्या फोन करू नये’ एवढीच खूण दिसते.