हातानें केलेलें पुस्तक

आपल्या अमरावती जिल्ह्यांत, मोर्शी तालुक्यांत, रिद्धपूर नांवाचें गांव आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत म्हाइंभटांनीं चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसांकडून मिळविल्या आणि तेथें त्यांचा ग्रंथ सिद्ध केला. तोच 'लीळाचरित्र' होय. त्याची मूळ प्रत परचक्राच्या धामधुमींत नाहींशी झाली, असें परंपरा सांगते. मग ज्यांना जेवढें आठवलें तेवढें त्यांनीं पुन्हां लिहिलें, आणि एका ग्रंथाचे अनेक पाठ झाले.

छापील पुस्तकाच्या शेंकडों प्रती असतात. हातानें केलेलें पुस्तक मात्र बहुधा एकच. म्हणून तें करावयास शिकतांना सुबकपणाच्या आधीं टिकाऊपणाचा विचार करावा. माझ्याकडून तो झाला नाहीं. आजीच्या जात्यावरच्या ओव्या मीं साध्या फौंटनपेनच्या शाईनें एका वहींत उतरल्या, भोंवतीं वेलबुट्टी काढली, आणि ती कपाटांत ठेवली. एका पावसाळ्यांत भिंत पाझरली. वेलबुट्टी राहिली, अकरा ओव्या धुवून गेल्या. तोंवर आजी गेली होती. आतां आत्याबाईंना त्या आठवतात, पण वेगळ्या आठवतात!

जुने लेखक काजळ आणि बाभळीचा डिंक एकत्र खलून शाई करीत. खलण्याचें काम कंटाळवाणें खरें. पण काजळ जितकें बारीक घोटावें तितकी शाई एकजीव होते. काजळाचा काळेपणा उन्हानें उडत नाहीं. पाण्यापासून मात्र तीहि जपावी लागते, कारण डिंक पाण्यांत विरघळतो. कित्येक जण म्हणून तींत लाख घालीत. कागदास खळ देऊन तो गुळगुळीत दगडानें घोटीत, म्हणजे शाई फुटत नसे. ओळी आंखण्याची युक्ति तर फारच गोड आहे. एका फळीवर समान अंतरानें दोरे ताणून बसवीत, त्यावर कागद ठेवून आंगठ्यानें दाबीत. ओळी उमटत, पण डाग पडत नसे.

पोथीचीं पानें सुटीं असत. फळ्यांमध्यें ठेवून तीं बासनांत बांधीत. नवशिक्यानें शिवलेलें पुस्तक करावें. तें हाताळण्यास सोपें. चार ताव दुमडून एकमेकांत घाला. घडीवर टोंच्यानें तीन भोंकें पाडा. सुई आंतून मधल्या भोंकांतून बाहेर काढा आणि वरच्या भोंकांतून आंत न्या. तेथून मधलें भोंक टाळून दोरा सरळ खालच्या भोंकाशीं आणा व बाहेर काढा. शेवटीं सुई मधल्या भोंकांतून पुन्हां आंत आणून, त्या लांब टांक्याच्या दोन्ही बाजूंस दोऱ्याचीं टोंकें घेऊन गांठ मारा. कागद गिरणीचा असेल तर तो ज्या दिशेनें सहज वांकतो त्याच दिशेनें दुमडावा. नाहींतर पुस्तक मिटतां मिटत नाहीं. पुठ्ठ्याची खळ कसरीला फार आवडते. बांधणारे तींत मोरचूद घालीत. तें विष आहे, म्हणून मुलांच्या हातीं देऊं नये.

चित्रें कोठें घालावीं, असें पुष्कळजण विचारतात. माझें मत असें, कीं पानाची समास-मोकळीक आधीं ठरवावी, अक्षर मग, चित्र शेवटीं. लंडनच्या विल्यम ब्लेकनें १७८९ सालीं स्वतःचीं गीतें तांब्याच्या पत्र्यांवरून छापून हातानें रंगविलीं, तेव्हां अक्षर आणि चित्र त्यानें एकाच पत्र्यावर एकत्र रचलें होतें. तें धाडस पहिल्याच पुस्तकांत करूं नये.

नमुने पाहावयाचे तर दूर जाण्याचें कारण नाहीं. पूर्वीं अकोला जिल्ह्यांत असलेल्या आणि आतां वाशीम जिल्ह्यांत मोडणाऱ्या कारंज्याचे जैन ग्रंथभांडार प्रसिद्धच आहेत. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजांतील प्रा. हिरालाल जैन यांनीं तेथील हस्तलिखितांवरून अपभ्रंश काव्यें १९३० नंतरच्या वर्षांत प्रसिद्ध केलीं. त्या पोथ्या कोणी तरी बसून, मान मोडून, उतरून ठेवल्या नसत्या तर छापावयास कांहीं उरलेंच नसतें.

जुने लेखक पोथीच्या अखेरीस शक, तिथि, गांव आणि कोणासाठीं लिहिली तें नोंदवीत. तेल, पाणी आणि सैल बांधणी यांपासून तिला जपा, अशी विनवणीहि करीत. माझें दुसरें पुस्तक सध्यां शिवून तयार आहे. शेवटचीं चार पानें कोरीं ठेवलीं आहेत. आत्याबाई दिवाळीला अकोल्याहून येतील, तेव्हां त्यांच्या अकरा ओव्या त्यांच्याच पाठानें तेथें उतरावयाच्या आहेत.